पदवीसाठी परदेशी भाषा निवडताना: विदर्भातल्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी

परदेशात एम.ए. किंवा पीएच.डी.साठी अर्ज करताना माहितीपत्रकात कुठंतरी खाली एक अट दिसते: संशोधनासाठी इंग्रजीखेरीज एका, कधी दोन भाषांचं वाचनापुरतं ज्ञान हवं. अमेरिकेतल्या विद्यापीठांत इतिहास, धर्म-अभ्यास, कलेतिहास, तौलनिक साहित्य, दक्षिण आशिया अभ्यास अशा विभागांत ही अट आजही भेटते. गणितात ती पूर्वी सर्रास होती. फ्रेंच, जर्मन किंवा रशियनमधला गणिताचा उतारा इंग्रजीत उतरवून दाखवावा लागे. आता बऱ्याच गणित विभागांनी ती काढून टाकली आहे. कृषी, अभियांत्रिकी, जीवशास्त्र यांत ती सहसा नसतेच. तुमचा विषय त्यांतला असेल तर नियम एकदा तपासा आणि हा वेळ प्रयोगशाळेला द्या.

अट आहे म्हटलं की आपल्याकडची मुलं दोनच प्रश्न विचारतात. "सर, सोपी कोणती?" आणि "जर्मनले स्कोप हाय म्हणतात, थे घेऊ काय?" स्कोपचा हिशेब नोकरीसाठी ठीक आहे. इथं काम वेगळं आहे. या भाषेत तुम्हाला बोलायचं नाही, मुलाखत द्यायची नाही. शब्दकोश शेजारी ठेवून आपल्या विषयातला मजकूर समजून घ्यायचा आहे, एवढंच. म्हणून भाषा ठरवायची ती तुमच्या प्रबंधाच्या संदर्भयादीवरून. सोपेपणा आणि सोय हे प्रश्न त्यानंतरचे.

आधी नियम, पूर्ण आणि लेखी

प्रवेशाच्या पानावरची एक ओळ पुरेशी नसते. प्रत्येक विभागाचं स्वतःचं ग्रॅज्युएट हँडबुक असतं, बहुधा पीडीएफमध्ये. ते उतरवून घ्या आणि भाषेचा भाग शब्दन् शब्द वाचा. त्यात पाच गोष्टी शोधायच्या.

भाषा किती हव्यात, आणि नावं ठरलेली आहेत की "संशोधनाला उपयुक्त" एवढंच म्हटलं आहे? अट कधीपर्यंत पुरी करायची: पहिल्या वर्षी, की प्रबंधाचा विषय मंजूर होण्याआधी? परीक्षा कशी आहे? काही ठिकाणी एक-दोन तासांत एक उतारा शब्दकोशासह इंग्रजीत उतरवायचा असतो, काही ठिकाणी "वाचनासाठी फ्रेंच" किंवा "वाचनासाठी जर्मन" असा एका सत्राचा वर्ग ठरावीक श्रेणीत पास व्हावा लागतो. बाहेरचं प्रमाणपत्र चालतं का? आणि पाचवी, जिच्याकडे आपली मुलं लक्षच देत नाहीत: मातृभाषा धरतात का?

या पाचव्या गोष्टीवर थोडं थांबतो. विषय महाराष्ट्राचा असेल, तर काही विभाग मराठीला संशोधनाची भाषा म्हणून मान्यता देतात आणि तुमचं निम्मं ओझं तिथंच उतरतं. काही विभाग साफ सांगतात की स्वतःची भाषा धरणार नाही. मोडी लिपीतली कागदपत्रं वाचता येत असतील तर तेही लिहा. मोडी ही लिपी आहे, भाषा नाही, त्यामुळं अट त्यानं भागत नाही. पण मार्गदर्शकाच्या दृष्टीनं त्याची किंमत मोठी असते. इंग्रजी आपल्यासाठी परदेशी असली तरी तिकडं ती मोजत नाहीत.

हँडबुकमध्ये उत्तर नसेल तर विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला ईमेल करा. चार ओळी पुरतात: मी कोण, विषय काय, मातृभाषा मराठी, हिंदी येते, संस्कृत किंवा पाली इतकी इतकी झाली आहे, यातलं काय धराल आणि आणखी काय लागेल? उत्तर जपून ठेवा. नियम बदलतात, माणसंही बदलतात, लेखी उत्तर कामी येतं.

साधनाची भाषा आणि अभ्यासाची भाषा

हा फरक नीट कळला की निवडीचा अर्धा गोंधळ संपतो. ज्या भाषेत तुमची मूळ साधनं आहेत (शिलालेख, पोथ्या, फर्मानं, मुलाखती) ती साधनाची भाषा. ज्या भाषेत त्या साधनांवर इतर अभ्यासकांनी लिहिलं ती अभ्यासाची भाषा. बौद्ध अभ्यास करणाऱ्याला पाली ही साधनाची, तर फ्रेंच किंवा जपानी ही अभ्यासाची. पुष्कळ विभाग दोन्ही वेगवेगळ्या मागतात. "पाली झालीय ना, मग झालं" असं गृहीत धरू नका.

वहीत रकाने आखा

आता निवडीचं खरं काम. तुमच्या विषयावरची गेल्या पंधरा-वीस वर्षांतली पाच चांगली पुस्तकं किंवा प्रबंध घ्या. भारतीय विद्यापीठांचे प्रबंध शोधगंगावर फुकट मिळतात, जुनी पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर. प्रत्येकाची संदर्भयादी उघडा आणि इंग्रजी, मराठी, हिंदी, संस्कृत सोडून बाकी नोंदी भाषेप्रमाणे वहीत उतरवा. फ्रेंच इतक्या, जर्मन इतक्या, फारसी इतक्या. दोन संध्याकाळचं काम आहे.

मग चाळणी लावायची. ज्या पुस्तकांचं इंग्रजी किंवा मराठी भाषांतर झालं आहे त्यांवर काट मारा. उदाहरण देतो. मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणावरचं पायाभूत काम फ्रेंच माणसाचं आहे. झ्यूल ब्लॉक यांचा ग्रंथ १९२० मध्ये पॅरिसहून फ्रेंचमध्ये निघाला. पण वा. गो. परांजपे यांनी तो १९४१ मध्ये मराठीत आणला आणि १९७० मध्ये इंग्रजी भाषांतरही आलं. धनगरांच्या दैवतांवरचं गुंथर सोन्थायमर यांचं जर्मन पुस्तक १९७६ चं; त्याचं इंग्रजी रूप १९८९ मध्ये अॅन फेल्डहाउस यांनी केलं. अशी पुस्तकं वाचायला भाषा शिकावी लागत नाही. काट मारून उरतं तेवढंच मोजायचं. बहुतेक वेळा उरतात ते नियतकालिकांतले लेख, परीक्षणं आणि शेवटच्या दहा वर्षांतलं काम. तुमची भाषा तिथं दडलेली असते.

आणखी एक फसगत: लेखकाचं नाव जर्मन किंवा डच दिसलं म्हणून पुस्तकही त्या भाषेत असेल असं नाही. गोंडांवर लिहिणारे फ्यूरर-हायमेनडॉर्फ ऑस्ट्रियाचे, पण त्यांची मुख्य पुस्तकं इंग्रजीत आहेत. नंदिवर्धन, रामटेक आणि विदर्भातल्या प्राचीन वाकाटक राजघराण्यावर लिहिणारे हान्स बाकर नेदरलँडचे, तेही इंग्रजीतच लिहितात. मिराशींनी संपादित केलेले वाकाटकांचे कोरीव लेख १९६३ पासून इंग्रजीत आहेतच. वाकाटकांवर काम करणाऱ्यानं डच शिकायला घेणं म्हणजे वावर सोडून धुऱ्यावर पेरणं.

आपल्याकडचे विषय आणि त्यांच्या भाषा

बौद्ध अभ्यास. विदर्भातून या विषयाकडं जाणारे सर्वांत जास्त, त्यामुळं सविस्तर. इथं निवड फ्रेंच की जपानी एवढीच खरी आहे. युरोपातल्या बौद्ध अभ्यासाची बरीचशी इमारत फ्रेंचमध्ये उभी राहिली: ब्यूर्नुफ यांचा १८४४ चा भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासावरचा ग्रंथ, ला व्हाले पूसँ यांचं अभिधर्मकोश या बौद्ध तत्त्वज्ञानाच्या संस्कृत ग्रंथाचं भाषांतर, लामोत यांनी महाप्रज्ञापारमितेच्या टीकेवर १९४४ ते १९८० या काळात काढलेले पाच खंड. यातल्या काहींची इंग्रजी भाषांतरं आता आहेत. टिपा आणि वाद मात्र अजून फ्रेंचमध्ये तुडुंब आहेत. जपानीची बाजू वेगळी. आजचा बौद्ध अभ्यास सर्वाधिक जपानमध्ये चालतो, आणि चिनी त्रिपिटकाची जगभर वापरली जाणारी तायशो आवृत्तीही जपानचीच.

तुमचा विषय पाली, थेरवाद किंवा भारतातले प्राचीन अवशेष असेल तर फ्रेंच घ्या. महायान, चिनी भाषांतरं किंवा पूर्व आशिया असेल तर जपानीला पर्याय नाही. आणि विषय आंबेडकरी बौद्ध चळवळ असेल तर थांबा, कारण तिथं साधनं मराठीत आणि बहुतांश अभ्यास इंग्रजीत आहे. मग अट भागवण्यापुरती, पण प्रबंधाला जोड देणारी भाषा निवडा. कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर, जपानहून येऊन नागपूरचे झालेले भदंत सुरई ससाई, दीक्षाभूमीवर येणारे जपानी अनुयायी: हा धागा प्रबंधात असेल तर जपानी शोभेल. त्यात मुलाखतीही घेता येतील. हा धागा नसेल तर केवळ नागपुरात जपानी लोक दिसतात म्हणून जपानी घेऊ नका.

संस्कृत. रामटेकच्या विद्यापीठातून बाहेर जाणाऱ्यांनी जर्मन घ्यावी, फार विचार नको. ब्योटलिंक आणि रोट यांचा १८५५ ते १८७५ मधला मोठा संस्कृत कोश जर्मनमध्ये अर्थ देतो, गेल्डनर यांचं ऋग्वेदाचं भाषांतर जर्मनमध्ये आहे, आणि वेदविद्येवरचं कितीतरी लिखाण इंग्रजीत कधी आलंच नाही.

वऱ्हाडचा मध्ययुगीन इतिहास. अचलपूरची इमादशाही, १५९६ मध्ये मोगलांकडे गेलेला वऱ्हाड, मग निजाम, त्याचा इंग्रजांशी झालेला १८५३ चा करार. इथं फारसी. ही साधनाची भाषा आहे, आणि कागद हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहेत, चंद्रपूर-बल्लारशाकडून गाडीनं एका दिवसाच्या अंतरावर. फारसीत लिंगभेद नाही, व्याकरण आटोपशीर आहे, आणि जमीन, दफ्तर, वसूल, फौज, हजर असे शब्द आपल्या सातबाऱ्यापासून कचेरीपर्यंत भरले आहेत. अडचण हस्ताक्षराची. छापील फारसी वाचता येणाऱ्यालाही शिकस्ता या घाईच्या, मोडक्या वळणाचं फर्मान सुरुवातीला लागत नाही. ती सवय वेगळी करावी लागते, आणि ती जाणकाराजवळ बसूनच होते. आणखी एक: विभाग फारसीला साधनाची भाषा म्हणून धरेल आणि वर फ्रेंच किंवा जर्मन मागेल, हे शक्य आहे. ईमेलमध्ये विचारून घ्या.

महानुभाव आणि संत साहित्य. रिद्धपूरच्या परंपरेवर काम करणाऱ्याला जुनी मराठी आणि महानुभाव पोथ्यांची सांकेतिक सकळ लिपी हीच खरी शिदोरी. परदेशी भाषांत फ्रेंच थोडी पुढं आहे. शार्लोत व्होदव्हिल यांनी ज्ञानदेवांच्या हरिपाठावरचं काम फ्रेंचमध्ये केलं. चाळणीनंतर फारसं काही उरत नसेल तर फ्रेंच की जर्मन हा प्रश्न सोयीवर सोडायला हरकत नाही.

आदिवासी आणि वनहक्क. इथं बहुतेकांना स्पॅनिश सुचत नाही, आणि सुचायला हवी. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. गाव जंगल कसं सांभाळतं, याचा तुलनात्मक अभ्यास करायचा तर मेक्सिकोतली गावांच्या मालकीची जंगलं हे मोठं दालन आहे आणि तिथलं गावपातळीवरचं लिखाण स्पॅनिशमध्ये आहे. नुसत्या गोंडी भाषेवर काम असेल तर मात्र तेलुगू जास्त कामाची. ती परदेशी नसली तरी काही विभाग संशोधनाची भाषा म्हणून धरतात.

अवघडपणाचा हिशेब आपल्या बाजूनं करा

अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेच्या प्रशिक्षण संस्थेचा तक्ता सगळीकडे फिरतो: स्पॅनिश-फ्रेंचला ३० आठवड्यांच्या आसपास, जर्मनला ३६, रशियन-फारसीला ४४, जपानी-चिनी-अरबीला ८८. तो इंग्रजी मातृभाषेच्या माणसांसाठी आहे, आणि त्यात बोलणंही धरलं आहे. मराठी माणसाला तो जसाच्या तसा लागू होत नाही.

जर्मनमध्ये तीन लिंगं असतात म्हणून इंग्रज मुलं रडतात. आपण जन्मापासून तीन लिंगं वापरतो. कोणत्या नामाला कोणतं, ते मात्र पाठच करावं लागतं. जर्मन लेखक "काल बाजारातून आणलेली भाजी" अशी नामाआधी लांब विशेषणं लावतात, आणि पोटवाक्यात क्रियापद शेवटी टाकतात. दोन्ही आपल्या सवयीचं. जपानीत तर क्रियापद कायमच शेवटी, प्रत्यय नामामागून, आदरार्थी रूपंही आहेत. वाक्य मराठीच्या चालीनं चालतं. जपानीत अडतं ते लिपीपाशी. नित्य वापराच्या अधिकृत यादीतच २,१३६ कांजी आहेत, आणि जुन्या बौद्ध ग्रंथांत त्यांची जुनी रूपं येतात. जपानीच्या जेएलपीटी परीक्षेच्या एन५ किंवा एन४ या सुरुवातीच्या पातळ्या पास होऊन संशोधनाचा लेख वाचता येत नाही.

माझा अंदाज असा: रोज एक तास नेमानं दिला तर फ्रेंच किंवा जर्मनमधला आपल्या विषयाचा उतारा शब्दकोशासह सहा ते आठ महिन्यांत उलगडायला लागतो. स्पॅनिश थोडी आधी. छापील फारसी वर्षभरात. जपानीला दोन वर्षं धरा, आणि परीक्षा तोंडावर असेल तर तिच्या नादी लागू नका.

गावात राहून शिकायचं कुठं

क्लास पुण्यात आहेत हे खरं. रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्सम्युलर भवन तिथंच. पण वाचनापुरत्या भाषेसाठी खोली भाड्यानं घेऊन पुण्यात राहायची गरज नाही. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात परदेशी भाषा शिकवल्या जातात. यंदा कोणत्या भाषेचा वर्ग सुरू आहे ते त्यांच्या प्रवेश-सूचनेत बघा. इग्नूचे फ्रेंच, स्पॅनिश, जपानी, अरबी, रशियन यांचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहेत आणि तिचं प्रादेशिक केंद्र नागपुरात आहे. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आयआयटी मद्रासची जर्मनची व्याख्यानं फुकट मिळतात. डॉइचे वेलेचा "निकोस वेग" हा जर्मनचा कोर्स ए१ ते बी१ पर्यंत, म्हणजे युरोपीय मोजमापातल्या पहिल्या पायरीपासून मध्यम पातळीपर्यंत, मोफत आहे. दक्षिणेकडच्या, गडचिरोली-चंद्रपूरच्या मुलांनी हैदराबादच्या इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठाचाही विचार करावा.

नेटवर्कचं काय ते तुम्हाला माहीतच आहे. तालुक्याच्या अभ्यासिकेत वायफाय असतं. आठवड्याचे धडे तिथं उतरवून घ्या आणि शब्दकोश ऑफलाइन चालणारा ठेवा. व्याकरणाचं एक पुस्तक छापील असू द्या. वीज गेली तरी ते उघडं राहतं.

वेळापत्रक शेतीच्या हंगामाला धरून आखा. मृगापासून पेरणी संपेस्तोवर आणि सोयाबीन काढणीपासून कापसाच्या वेचणीपर्यंत घरच्या मुलांना निवांत तास मिळत नाही. त्या दिवसांत फक्त जुने शब्द घोटा, नवं व्याकरण घेऊ नका. पौषापासून उन्हाळ्यापर्यंतचा काळ व्याकरणाचा. मे महिन्यात दुपारी बाहेर पडायची सोय नसतेच, तेव्हा सरावाचे उतारे सोडवा.

वाचायला शिकायचं, तर वाचूनच

बोलण्याचे कोर्स उच्चारावर आणि रोजच्या संवादावर महिने घालवतात. ते सगळं सोडू नका, पण त्यात अडकूही नका. पहिल्या दोन-तीन महिन्यांत व्याकरणाचा सांगाडा पुरा करा, रूपं बनवता आली नाहीत तरी ओळखता आली पाहिजेत. फ्रेंचमध्ये इतिहासाच्या पुस्तकांत भूतकाळाचं एक खास लेखी रूप, पासे सँप्ल, पानोपानी येतं आणि बोलण्याच्या कोर्समध्ये ते फार उशिरा येतं. ते आधी शिका. जर्मनमध्ये उपसर्ग क्रियापदापासून तुटून वाक्याच्या टोकाला जातो. तो परत जोडल्याशिवाय शब्दकोशात योग्य शब्द सापडत नाही. शिवाय १९४१ पर्यंतची बरीच जर्मन पुस्तकं फ्राक्टूर नावाच्या टोकदार वळणाच्या टाइपात आहेत. आठवडाभरात डोळा बसतो.

चौथ्या महिन्यापासून थेट तुमच्या विषयातला लेख घ्या. रोज एक परिच्छेद. शब्द पाहिला की वहीत लिहा. तीनदा पाहावा लागला तर तो पाठ करा. विषयातले दोन-तीनशे शब्द फिरून फिरून येतात आणि तेवढ्यावर पुष्कळ पान हलकं होतं. गूगल ट्रान्सलेट वापरा, पण स्वतःचं भाषांतर लिहून झाल्यावर, पडताळ्यासाठी. परीक्षेत ते सहसा चालत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी वेगळी सूचना आहे. परीक्षेत भाषांतर इंग्रजीत करायचं असतं, म्हणजे परीक्षा दोन भाषांची होते. जर्मन समजलं, पण इंग्रजी वाक्य मोडलं, की गुण जातात. त्यामुळं अर्थ मराठीत लावा, पण वहीत रोज इंग्रजी वाक्य लिहा आणि इंग्रजी चांगलं असलेल्या कुणाकडून ते वाचून घ्या. त्यानं मूळ भाषा यायची गरज नाही. वाक्य इंग्रजी वाटतं का, एवढंच सांगायला हवं. परीक्षेच्या दोन महिने आधीपासून दर रविवारी घड्याळ लावून एक पान सोडवा. काही विभाग जुने उतारे मागितल्यावर देतात, विचारायला संकोच नको.

भाषा जाण्याआधी सुरू करण्याचं आणखी एक कारण पैशाचं आहे. शासकीय परदेश शिष्यवृत्तीची मुदत ठरलेली असते. तिकडं गेल्यावर पहिलं वर्ष भाषेत गेलं तर ते प्रबंधातून वजा होतं.

अर्जात हे सगळं कसं लिहायचं? जेवढं येतं तेवढंच. "फ्रेंच: ए२ पूर्ण, विषयातले लेख शब्दकोशाच्या मदतीनं वाचते, सध्या लामोत यांचा पहिला खंड चालू" ही ओळ "फ्रेंचचं उत्तम ज्ञान" यापेक्षा वजनदार ठरते. फक्त तो खंड खरोखर उघडलेला असू द्या. मुलाखतीत प्राध्यापक नेमकं तेच विचारतात: कुठपर्यंत आलात, आणि कुठं अडलं?